हिटर गार, इंजिन गरम

अम्मी तीन आठवडे सांगत होत्या, "बेटा, गाडीत पाय गारठतात." आणि आम्ही त्यांच्या पायांवर शाल टाकत होतो. डिसेंबरात मालेगावहून पहाटे निघायचं म्हटलं की गाडीत हिटर लागतोच. पण आमच्या बारा वर्षांच्या जुन्या गाडीचा हिटर लाल खुणेपर्यंत फिरवला तरी गार वाराच फेकत होता. थंडी काय, दोन महिन्यांची. पुढे उन्हाळ्यात हिटर कोणाला हवा, असं म्हणून आम्ही दोघांनी ते काम पुढे ढकललं. आम्ही दोघंही शिक्षक. आजचा अभ्यास उद्यावर टाकू नका, असं वर्गात रोज सांगणारे.

मग अम्मींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. नाशिकला सकाळी दहाला हजर राहायचं होतं. फजरची नमाज पढून निघालो. उमराणे मागे पडलं, राहुडचा घाट लागला आणि चढावर तापमानाचा काटा बघता बघता वर चढला. बॉनेटमधून वाफ येऊ लागली. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं, हाताला फडकं गुंडाळलं आणि रेडिएटरचं झाकण फिरवणार, इतक्यात मागे थांबलेल्या ट्रकमधून एक वयस्क ड्रायव्हर ओरडले, "हाथ मत लगाओ!"

त्या एका हाकेने आमचा चेहरा वाचला. तापलेल्या इंजिनातलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण उघडलं की दाब एकदम जातो आणि तेच पाणी क्षणात उकळून वर उसळतं. इंजिन पूर्ण निवेपर्यंत त्या झाकणाला हात लावायचा नसतो, फडकं असो वा नसो.

चाचा खाली उतरले, वाकून पाहिलं आणि विचारलं, "हीटर कब से ठंडा है?"

आम्ही चकित झालो. हिटरचं आम्ही काही बोललोच नव्हतो. "तीन हफ्ते से."

"तो पानी भी तभी से कम है. उसी दिन दिखाना था."

त्यांनीच हात करून नाशिककडे जाणारी एसटी थांबवली. आमच्यापैकी एक जण अम्मींना घेऊन पुढे गेला, दुसरा गाडीजवळ थांबला. अम्मी वेळेत पोहोचल्या, ऑपरेशनही नीट झालं, अल्हम्दुलिल्लाह. पण हिटरवरून चाचांनी इंजिनाचा आजार कसा ओळखला, हे कोडं काही डोक्यातून जाईना.

उत्तर अगदी साधं आहे. पेट्रोल-डिझेलच्या गाडीतल्या हिटरला स्वतःची आग नसते. इंधन जळून जी उष्णता तयार होते, तिचा मोठा भाग चाकांपर्यंत पोहोचतच नाही. तो वाया जातो आणि इंजिन तापवतो. ती उष्णता ओढून घ्यायला इंजिनाभोवती पाणी आणि कूलंट यांचं मिश्रण फिरत असतं. साधारण ९० अंशांपर्यंत तापलेल्या या मिश्रणातलं थोडं दोन नळ्यांतून डॅशबोर्डच्या मागे जातं. तिथे एक छोटा रेडिएटर असतो, मिस्त्री लोक त्याला हिटर कॉइल म्हणतात. पंखा त्यावरून हवा ढकलतो आणि तीच हवा गरम होऊन आपल्या पायांशी येते. म्हणजे हिटर गार पडला, तर बहुतेक वेळा गरम पाणी तिथवर पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ. जे पाणी हिटरला मिळत नाही, ते इंजिनालाही कमी पडत असू शकतं. उष्णतेचा धडा आम्ही दरवर्षी शिकवतो. आमच्याच गाडीत तो आम्हाला ओळखता आला नाही!

गाडी ओढून चांदवडला नेली. तिथल्या मिस्त्रींनी जे क्रमाने तपासलं, ते आम्ही वहीत उतरवून घेतलं. वाचक बंधू-भगिनींसाठी ते इथे देतो.

पहिली गोष्ट, वारा येतो का? वाराच नसेल तर दोष फ्यूजमध्ये किंवा पंख्याच्या मोटरमध्ये. वारा येतो पण गार येतो, तर पुढे जायचं.

दुसरी गोष्ट, इंजिन तापलं आहे का? थंडीत सुरुवातीची काही मिनिटं कोणताही हिटर गारच असतो. पण अर्धा तास गाडी चालवूनही काटा खालीच राहिला, किंवा काटा नसलेल्या गाडीत निळा दिवा विझलाच नाही, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असण्याची शक्यता मोठी. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही झडप असते. आपल्याकडे उन्हाळ्यात "इंजिन थंड राहील" म्हणून काही जण ती काढूनच टाकतात. मग हिवाळ्यात हिटर चालत नाही आणि इंधनही जास्त जळतं.

तिसरी गोष्ट, पाणी पुरेसं आहे का? हे इंजिन पूर्ण थंड असतानाच पाहायचं. आमची फसगत इथेच झाली होती. बाजूची प्लास्टिकची बाटली भरलेली दिसायची, म्हणून आम्ही निश्चिंत. मिस्त्रींनी रेडिएटरचं झाकण काढलं तर आत पाण्याचा पत्ता नाही. गळती असली की इंजिन निवताना बाटलीतलं पाणी ओढलं जात नाही, गळतीच्या जागेतून हवाच आत शिरते. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा! ती हवा हिटर कॉइलमध्ये अडकली की हिटर गार. पाणी फार कमी झालं तर काटाही फसवू शकतो, कारण त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेलाच राहत नाही.

चौथी गोष्ट, दोन नळ्यांची परीक्षा. इंजिन तापवून बंद करायचं आणि हिटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्यांना जपून, जाड कापडावरून हात लावायचा. दोन्ही गरम असतील तर पाणी पोहोचतंय, दोष गरम-गार हवा वळवणाऱ्या फ्लॅपमध्ये किंवा त्याच्या तारेत. एक गरम, एक गार असेल तर कॉइल गाळाने तुंबली आहे, नाहीतर तिचा वॉल्व्ह बंद आहे. दोन्ही गार असतील तर पाणी कमी, हवा अडकलेली, किंवा पंप अशक्त. ॲक्सिलरेटर दाबला की गरम आणि गाडी उभी राहिली की गार, हेही पाणी कमी असल्याचं किंवा पंप थकल्याचं लक्षण.

पाचवी गोष्ट, पाणी गेलं कुठे? डाव्या सीटसमोरचं कार्पेट ओलं असेल, आत गोडसर वास येत असेल, काचेवर तेलकट धुकं साचत असेल, तर हिटर कॉइल गळते आहे. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येत असेल, ऑइल दुधाळ दिसत असेल, तर इंजिनाचं हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. मग गाडी चालवायचीच नाही.

आमच्या गाडीत एका होज पाइपला क्लिपपाशी बारीक चीर पडली होती. थेंब थेंब पाणी गरम इंजिनावर पडून तिथेच सुकत होतं, म्हणून जमिनीवर कधी डाग दिसला नाही. वर आम्ही बाटलीत बोअरवेलचं पाणी ओतत होतो. त्याने आत गंज आणि क्षार साचले ते वेगळंच. मिस्त्रींनी पाइप बदलला, आतला गाळ धुऊन काढला, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर भरलं आणि अडकलेली हवा काढली. वेळीच थांबलो म्हणून हेड गॅस्केट वाचलं. घाट तसाच चढून गेलो असतो तर इंजिनच उघडावं लागलं असतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. हिटर चालत नाही म्हणून कोणी बंद गाडीत शेगडी ठेवू नये. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून ऊब घेत बसू नये. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. माणूस झोपतो आणि उठत नाही.

पंधरा दिवसांनी अम्मींना तपासणीसाठी पुन्हा नाशिकला नेलं. घाट चढताना पायांशी ऊब येत होती. अम्मींनी शाल घडी करून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "बेटा, मी तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून अम्मी गाडीबद्दल काही बोलल्या की आम्ही आधी बॉनेट उघडतो.