मोटारीच्या तारेचे चिलखत



उन्हाळी धान लोंबीवर यावा आणि नेमकी तेव्हाच मोटार जळावी, याहून वाईट वेळ नाही. बांधी भेगाळू लागते आणि वाइंडिंगवाल्याकडे आधीच चार मोटारी रांगेत असतात. तेव्हा मोटारीत जळते तरी काय, ते आज पाहू.

आधी जळते ते तांबे नव्हे, तर तारेवरचे एनॅमल आणि व्हार्निशचे पातळ आवरण. ते गेले की वेढ्याला वेढा भिडतो व मोटार शॉर्ट होते. या आवरणाचे वैरी दोन: उष्णता आणि ओल. मोटारीच्या पाटीवर इन्सुलेशनचा वर्ग 'बी' असेल तर मर्यादा १३० अंश सेल्सिअस, 'एफ' असेल तर १५५. ठोकताळा असा, की त्यापुढे दर १० अंशांमागे आवरणाचे आयुष्य निम्मे होते.

कोरड्या ट्रान्सफॉर्मरची वेटोळी इपॉक्सी नावाच्या राळेत ओतून घट्ट करतात. नुसत्या राळेतून उष्णता लवकर बाहेर पडत नाही, म्हणून तीत गारेची बारीक पूड घालतात. आता शास्त्रज्ञ मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान कण घालून पाहत आहेत. टी. जे. लुईस यांनी १९९४ साली या विचाराला वाट दाखवली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही यावर काम झाले आहे. अशी पूड थोडीच लागते, आणि विजेच्या बारीक ठिणग्यांनी राळ पोखरली जाणे कमी होते. मात्र पिठल्यासारख्या गुठळ्या राहिल्या, तर फायद्याऐवजी तोटाच.

आपल्या जिल्ह्याला ही विद्या परकी नाही. दहेगावचा कायनाइट दगड भट्टीत खूप तापवला की त्याचा मुलाइट होतो. खांबावरच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरलाही मुलाइटमुळे बळकटी येते.

पण नव्या राळेची वाट पाहत बसू नका. काठावरची मोटार रिवाइंडिंगला दिली, तर व्हार्निश भट्टीत नीट वाळवले का, हे विचाराच. ओले व्हार्निश म्हणजे अर्धे काम. पावसाळ्यानंतर मोटार पहिल्यांदा सुरू करण्याआधी मेगरने तपासून घ्या. १ मेगओहमपेक्षा कमी दाखवले, तर सुकवल्याशिवाय चालवू नका. तीनपैकी एक फेज गेली की मोटार काही मिनिटांत तापते, म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा. आणि अर्थिंग पक्के ठेवा. आवरण फाटले तर मोटार पुन्हा भरता येते. ओल्या हाताने स्टार्टर दाबणारा घरचा माणूस पुन्हा आणता येत नाही.