जाहिरात फुकट, पण घर फुकट नव्हे

गेल्या चवथीला आम्ही नेहमीप्रमाणे पेडणे तालुक्यातील आमच्या मूळ घरी जमलो होतो. मुंबईचे आले होते, पुण्याचे आले होते, वास्कोचे दोघे आणि दुबईचा एक, असे सगळे मिळून तीसएक माणूस. माटोळी बांधून झाली, आरती झाली, आणि प्रसाद घेता घेता शेजारच्या काकूंनी सहज विचारले, "घर विकता म्हणे तुम्ही?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. काकूंच्या नातवाने मोबाईल पुढे केला. त्यात आमचा सोपा, आमचे राजांगण, आमचे तुळशीवृंदावन. खाली लिहिले होते: पोर्तुगीज शैलीचे वडिलोपार्जित घर, मोपा विमानतळापासून पंचवीस मिनिटे, किंमत ९० लाख, मालकाशी थेट संपर्क, दलाली नाही.

आमच्या पणजोबांनी सावंतवाडीहून गवंडी आणून बांधलेले घर पोर्तुगीज शैलीचे कधी झाले, हा प्रश्न बाजूला ठेवू. जाहिरात मुंबईच्या चुलत भावाने टाकली होती. कोणाला विचारले नव्हते, कारण त्याच्या मते त्यात विचारण्यासारखे काही नव्हते. दहा मिनिटांचे काम, एक पैसाही खर्च नाही. "नुसता भाव काढून बघतोय," तो म्हणाला. आत्या त्या दिवशी जेवली नाही.

मी डिचोलीला बँकेत कारकून आहे. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे प्रत्येक गोष्टीचा जमाखर्च मांडण्याची सवय आहे, म्हणून या 'फुकट' प्रकाराचाही मांडावासा वाटला. हा विषय केवळ आमच्या घरापुरता नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यात सुमारे सव्वा लाख घरे रिकामी आढळली होती, म्हणजे दर पाच घरांमागे एकाहून थोडी जास्तच. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपा विमानतळाचे उद्घाटन झाले, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली, आणि पूर्वी कोणी न विचारलेल्या वारखंड, तोरसे, इब्रामपूरकडच्या बंद घरांनाही गिऱ्हाईक विचारू लागले. पेडण्यात जे चालले आहे तेच साखळी-डिचोलीच्या बाजूलाही सुरू झाले आहे. आज ना उद्या आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हा विषय निघणार आहे.

प्रथम चुलत भावाची बाजू सांगतो, कारण तो काही वैरी नाही. घर वर्षाचे अकरा महिने बंद असते. दर पावसाळ्यापूर्वी कौले परतायची, वाळवी बघायची, पोरसातले रान काढायचे. हा खर्च दोघेतिघे करतात आणि चवथीला येतात सगळे. दलालाकडे जावे तर तो दोन टक्के मागतो. ९० लाखांवर दोन टक्के म्हणजे १ लाख ८० हजार रुपये. एवढे पैसे वाचत असतील तर का वाचवू नयेत? आणि आपल्याकडचे दलाल तरी कोण धुतल्या तांदळासारखे? विकणाऱ्याला एक भाव आणि घेणाऱ्याला दुसरा सांगून मधला फरक खिशात घालणारे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. तेव्हा मोबाईलवर घर विकणे हे मुळात पाप आहे असे मी म्हणणार नाही.

पण फुकट देणारा जगतो कशावर, हे विचारल्याशिवाय व्यवहार करू नये. आपल्या देशात नाइन्टी नाइन एकर्स २००५ साली सुरू झाले, मॅजिकब्रिक्स २००६ साली, नोब्रोकर २०१४ साली बेंगळुरूला. घरमालकाला साधी जाहिरात फुकट टाकता येते हे खरे. पण या व्यवसायाचा पैसा येतो तो बिल्डरांच्या आणि दलालांच्या वर्गणीतून, जाहिरात ठळक दाखवण्याच्या पॅकेजमधून, गृहकर्ज आणि कागदपत्रे करून देण्याच्या सेवांतून. त्यात गैर काही नाही, दुकान आहे ते. आपण मात्र समजून असावे की तिथे आपले घर आणि आपला फोन नंबर हाच माल असतो.

इंग्लंडातले उदाहरण पाहा. तिथे पर्पलब्रिक्स नावाची कंपनी नेहमीच्या दलालीऐवजी ठराविक थोडी फी घेऊन घरे विकून देत असे. एके काळी शेअर बाजारात तिची किंमत शंभर कोटी पौंडांच्या वर गेली होती. २०२३ साली तिचा धंदा अवघ्या एका पौंडाला विकला गेला, आणि घेणारी स्ट्राइक ही कंपनी होती घरे 'फुकट' विकून देणारी. तिचे उत्पन्न गृहकर्जाच्या दलालीतून, वकिली कामाच्या शिफारशीतून आणि जास्तीच्या सेवांतून येत असे. जिथे मालकीची सरकारी नोंद चोख असते तिथेसुद्धा 'फुकट'चा खर्च कुठून तरी भरून काढावा लागतो.

आता आमच्या घराचे काय झाले ते सांगतो. पहिल्या आठवड्यात पन्नासावर फोन आले, त्यातले निम्म्याहून अधिक दलालांचेच. म्हणजे जे टाळायचे होते तेच दारात! एकाने आपण सैन्यात असल्याचे सांगून, घर न बघताच बयाणा पाठवतो म्हणून क्यूआर कोड धाडला. भावाने मला फोन केला म्हणून वाचला. वाचकहो, हे बँकेतला माणूस म्हणून सांगतो, घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सांगा: पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिन घालावा लागत नाही. पिन घातला की पैसे आपल्या खात्यातून जातात. फसगत झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवावे.

शेवटी दिल्लीचे एक खरे गिऱ्हाईक आले. घर आवडले, भावही मान्य. मग त्यांच्या वकिलाने कागद मागितले आणि आमची खरी परीक्षा सुरू झाली. एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव आजोबांचे, आणि आजोबा जाऊन चाळीस वर्षे झाली. वारसाखत केलेले नाही. मागच्या पोरसात मुंडकाराचे घर, त्याचे नाव उताऱ्यात 'इतर हक्क' या रकान्यात. शिवाय जाहिरातीत 'सोबत शेत' असे लिहून ठेवलेले, आणि २०२३ च्या कायद्याने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर बंदी आहे. महिनाभराने गिऱ्हाइकाने हात जोडले. दलाली वाचली, पण वकिलांची फी, मुंबई-गोवा खेपा आणि घरातला अबोला हे सगळे खर्चाच्या बाजूला पडले. त्यातल्या शेवटच्या रकमेचा आकडा मला अजून मांडता आलेला नाही.

इथेच माझा मुद्दा आहे. आपल्या तालुक्यांत घर विकण्यातली अडचण गिऱ्हाईक मिळण्याची नाही, दलालीचीही नाही. अडचण आहे मालक कोण हे ठरवण्याची, आणि नेमके तेच काम ती फुकट जाहिरात करत नाही. तिला फक्त एक फोन नंबर लागतो. तो तीसातल्या एका वारसाचा असला तरी तिच्या लेखी तोच मालक.

गोव्याचा कायदा उर्वरित देशासारखा नाही हे बाहेरगावी वाढलेल्या आपल्या मुलांना ठाऊक नसते. इथे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, त्यामुळे स्थावर विकताना दोघांची संमती लागते. मुलींचा वाटा मुलांइतकाच आहे, आणि सक्तीच्या वारसांचा अर्धा हिस्सा मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही. म्हणजे आमच्या घराच्या विक्रीखतावर आत्याची सही हवी, आणि दुबईच्या भावाच्या बायकोचीही. मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने बाहेर काढण्यापासून संरक्षण आहे आणि आपले घर विकत घेण्याचा हक्कही आहे. मयेतील लोकांचे तर वेगळेच. पिढ्यानपिढ्या राहत्या घरांच्या जमिनी स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी ताब्यात, आणि मालकीच्या सनदा देण्यासाठी २०१४ साली खास कायदा करावा लागला. मोबाईलवरच्या फॉर्ममध्ये यातल्या कशालाही रकाना नाही.

दुसरी भीती याहून मोठी आहे. बनावट कागद करून गोव्यातल्या जमिनी लाटल्याची प्रकरणे इतकी झाली की जून २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले आणि त्याच वर्षी निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग. मूळ मालक वारलेले आणि वारस दूर, अशा मालमत्ता या लोकांना सोप्या जातात. आणि आपण काय करतो? घराचे फोटो, ठिकाण, कोणी सर्व्हे नंबरही, आणि 'मालक बाहेरगावी असतो' असे स्वतःच्या हाताने लिहून जगापुढे ठेवतो. चोराला घराची किल्ली नको, घरात कोणी नाही एवढे कळले की पुरते.

मग घरे विकूच नयेत काय? असे मी म्हणत नाही. ज्यांना पडकी भिंत उभी करणे परवडत नाही त्यांना आठवणींचे व्याख्यान देणे सोपे असते. विकायचे तर विकावे, पण क्रम सुधारावा. आधी वारसाखत किंवा इन्व्हेंटरी, मग घरच्यांना विचारणे, मग गावाला, आणि सर्वांत शेवटी मोबाईल. इन्व्हेंटरीच्या पद्धतीत वारसांना आपापसात बोली लावून वडिलार्जित वस्तू घेता येते, घेणाऱ्याने इतरांचा हिस्सा पैशाने चुकता करायचा. आधी घरच्यांना संधी द्यावी ही रीत कायद्यानेच सांगितली आहे, आपणच ती विसरलो.

करांचेही आधीच बघावे. ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या व्यवहारात घेणारा एक टक्का कर कापून भरतो. वारसांपैकी कोणी परदेशी रहिवासी असेल तर त्याच्या हिश्श्यावरची कपात पुष्कळ जास्त असते. २३ जुलै २०२४ पासून भांडवली नफ्याचे नियम बदलले आहेत, आणि जुन्या घराचे १ एप्रिल २००१ चे मूल्यांकन करून ठेवणे फायद्याचे असते. बयाणा २० हजार किंवा त्याहून अधिक रोखीने घेऊ नये, दंड तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो.

आपल्या लोकप्रतिनिधींकडे दोन मागण्या कराव्यात असे मला वाटते. पहिली, २०१६ च्या रेरा कायद्याने दलालांना नोंदणी सक्तीची केली, पण ती नोंदणीकृत प्रकल्पांपुरती. जुने घर विकून देणारा, मग तो तिठ्यावरचा असो की मोबाईलमधला, त्यातून सुटतो. हा प्रश्न पेडणे, डिचोली, मये आणि साखळीच्या आमदारांनी विधानसभेत मांडावा. दुसरी, प्रत्येक तालुक्याच्या मामलेदार कचेरीत आठवड्यातून एक दिवस वारसा आणि उताऱ्यातील नावांविषयी मार्गदर्शन मिळावे, आणि ते आपल्या भाषेत. १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीच्या वापराची तरतूद आहे. आमची आत्या आयुष्यभर मराठी वाचत आली, तिला इंग्रजी मसुद्यावर बोट दाखवून 'इथे सही' म्हणणे हा तिच्या हक्काचा अपमान आहे.

तिसरी गोष्ट सरकारकडे मागायची नाही, आपल्या मंडळानेच करायची. मंडळाच्या कार्यालयात एक वही ठेवावी. ज्याला घर विकायचे असेल त्याने सर्व वारसांच्या संमतीने तिथे नोंद करावी, आणि आपल्याच तालुक्यात घर शोधणाऱ्या कुटुंबांना ती पाहता यावी. आपली कितीतरी मुले म्हापशाला भाड्याने राहतात. त्यांना आपल्याच वाड्यावरचे घर विकाऊ असल्याचे दिल्लीच्या माणसानंतर कळते. ही वहीसुद्धा फुकटच असेल, पण निदान ती ठेवणारा माणूस ओळखीचा असेल. लिखापढीचे काम मी रविवारी करायला तयार आहे.

आमच्या घरावरची जाहिरात चुलत भावाने स्वतःच काढून टाकली. इन्व्हेंटरीचा अर्ज दाखल झाला आहे. वास्कोचा भाऊ बोली लावणार म्हणतो, त्याला जमले नाही तर घर बाहेर जाईल, हेही आता सर्वांनी मान्य केले आहे. आत्याचे म्हणणे एवढेच होते की तिला आधी विचारावे. आता तिला विचारले आहे.