पुन्हा एकदा ‘पेरेंट ट्रॅप’

मे महिन्यात घरात मुलं जमली की आम्ही एखादा जुना सिनेमा लावतो. यंदा डिस्नेच्या १९६१च्या ‘द पेरेंट ट्रॅप’ची पाळी आली. लहानपणी भाड्याच्या कॅसेटवर तो पाहून आम्ही पोट धरून हसलो होतो. गोष्ट तुम्हाला ‘दो कलियाँ’मुळे ठाऊक असेलच, त्यात छोट्या नीतू सिंगने जुळ्या बहिणी केल्या होत्या. दोन्हींचं मूळ एकच, एरिक केस्टनरची १९४९ची जर्मन कादंबरी.

अमेरिकेतलं मुलींचं उन्हाळी शिबिर. बोस्टनची शेरॉन आणि कॅलिफोर्नियाची सुझन समोरासमोर येतात. चेहरे हुबेहूब, म्हणूनच वैर! दोघी हेली मिल्सच. नाचाच्या कार्यक्रमात एकीच्या झग्याची मागची बाजू कात्रीने गायब होते, तेव्हा आमची पोरं गडाबडा लोळली. शिक्षा म्हणून दोघींना एकाच खोलीत ठेवतात आणि तिथे आईच्या फोटोवरून उलगडतं, की आपण बहिणी आहोत. आईबापांनी तलाक घेताना मुली एकेक वाटून घेतल्या आणि दुसरीचं नावही काढलं नाही.

हे आम्हाला तेव्हा अजिबात खटकलं नव्हतं. आता खटकलं. भांडी वाटावीत तशी मुलं वाटली, आणि सिनेमा त्या दोघा मोठ्यांना एका शब्दाने जाब विचारत नाही. वडिलांच्या होणाऱ्या बायकोची मात्र यथेच्छ फजिती करतो. तिचा काय गुन्हा?

पुढे दोघी अदलाबदल करून एकमेकींच्या घरी जातात. सुझन बोस्टनला आजोबांना पहिल्यांदाच भेटते आणि त्यांच्या कोटाचा वास घेत बसते. तंबाखूचा आणि पेपरमिंटचा. मोठेपणी आठवावा म्हणून.

इथे आमच्या भाचीची नऊ वर्षांची मुलगी हसायची थांबली. ती तीन वर्षांची असताना तिची अम्मी तलाक होऊन माहेरी आली. अल्बममधले फोटो आम्हीच काढून ठेवले होते, पोरीला त्रास नको म्हणून. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं.

“अम्मी, अब्बांच्या कपड्यांना कसला वास यायचा?”

भाची स्वयंपाकघरात कैऱ्या चिरत होती. विळीचा आवाज थांबला. आम्ही रिमोट शोधू लागलो, विषय बदलावा म्हणून. तेवढ्यात आतून आवाज आला, “ऑइलचा. गॅरेजमधून आले की हात धुवायचे, तरी जायचा नाही. ये इकडे.”

पोरगी आत गेली. सिनेमाच्या शेवटी ते आईबाप पुन्हा लग्न करतात, हे तिला अजून माहीत नाही. आम्ही टीव्ही बंद केला आणि माळ्यावरची पेटी उतरवायला शिडी आणली.