मान औषधाने वळली, भुताने नाही

माझ्या धाकट्या भावाची मान एका संध्याकाळी डाव्या खांद्याकडे पिळली गेली. डोळे वर चढले, जीभ जड झाली. अलिबाग-मुरूड पट्ट्यातला आमचा कोळीवाडा. बाधा झाली, असं ठरायला पाच मिनिटं लागली. भगत आला, अंगारा लावला, रात्र गेली. सकाळी दुसऱ्या डॉक्टरांनी प्रोमेथाझिनची सुई दिली आणि अर्ध्या तासात मान सरळ झाली.

माझा राग भगतावर नाही. आदल्या दिवशी ज्या डॉक्टरांनी मानसिक आजारासाठी हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं, त्यांनी ‘मान आखडली तर लगेच या’ एवढं वाक्य का उच्चारलं नाही? हे औषध १९५८ सालचं. तरुण पुरुषांना पहिल्या काही दिवसांतच हा झटका येऊ शकतो, हे डॉक्टरांना तेव्हापासून माहीत आहे. माहीत नव्हतं ते आम्हाला.

पुढे त्याला बसवेना. ताटावरून उठायचा, रात्रभर पडवीत येरझाऱ्या घालायचा. आम्ही सांगितलं, वेड वाढलं. डॉक्टरांनी डोस वाढवला. तो अकाथिसिया होता, म्हणजे बसू न देणारी अस्वस्थता, औषधानेच आलेली, आणि वाढीव डोसने ती आणखी भडकली. डोस उतरवून प्रोप्रॅनोलॉल सुरू केल्यावर माझा भाऊ महिन्यानंतर पूर्ण जेवण बसून जेवला. मधल्या काळात त्याने दोनदा गोळ्या खाडीत फेकल्या. मी त्याला दोष देत नाही.

हात थरथरले की पॅसिटेनची गोळी, तोंड चाळवलं तरी पॅसिटेन, हेही थांबलं पाहिजे. थरथरीला ती गोळी उपयोगी पडते. पण वर्षानुवर्षांच्या औषधाने जबडा, जीभ आपोआप हलू लागली, तर तीच गोळी त्रास वाढवू शकते. म्हाताऱ्या बायकांच्या चघळणाऱ्या तोंडाकडे दर तपासणीला कुणीतरी नीट बघायला हवं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. कलम २२. उपचाराचे ज्ञात दुष्परिणाम रुग्णाला कळेल अशा भाषेत सांगणं बंधनकारक आहे. आमच्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतला, डॉ. भरत वाटवानींची ‘श्रद्धा’ संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना सावरून घरी पोचवते. २०१८ साली वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण घरी पोचलेल्या माणसाची गोळी टिकते ती घरच्यांना तिचे परिणाम ठाऊक असले तरच.

गोळी मनाने बंद करू नका, आजार उलटतो. पण डॉक्टरांनी औषधाचा कागद हातात दिला की लगेच उठूही नका. विचारा: मान, हात, पाय, तोंड यांना काय होऊ शकतं, आणि झालं तर रात्री कुठे जायचं? उत्तर मराठीत लिहून घ्या.