विश्लेषण : मुलाची शाळा कोण ठरवणार? गणेशपुरीतून दिसणारा शाळानिवडीचा प्रश्न

प्रवेशाचे दिवस आले की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. जिल्हा परिषदेची शाळा, आश्रमशाळा की फी भरून इंग्रजी माध्यम? शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांमुळे गरीब पालकांनाही या चर्चेत जागा मिळाली. २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून ती जागा आक्रसण्याचा प्रयत्न केला, पण तो न्यायालयात टिकला नाही. असे असले तरी ठाणे जिल्ह्याच्या टोकावरील गणेशपुरीसारख्या भागात हा हक्क प्रत्यक्षात किती पोहोचतो, हा प्रश्न उरतोच.

गणेशपुरीचे उदाहरण का?

भिवंडी म्हटले की यंत्रमाग आणि गोदामे आठवतात. त्याच तालुक्यात तानसा नदीकाठी वसलेल्या गणेशपुरीचे चित्र वेगळे आहे. नित्यानंद महाराजांचे समाधी मंदिर, गरम पाण्याची कुंडे आणि जवळच वज्रेश्वरी देवीचे देवस्थान यांमुळे येथे भाविकांचा राबता असतो. अनेक घरे हार-प्रसादाची दुकाने, रिक्षा, लॉज आणि खानावळींवर चालतात. आसपासच्या पाड्यांवर वारली, कातकरी, मल्हार कोळी कुटुंबे राहतात. भिवंडी तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाल्यापासून शेजारचे वसई आणि वाडा हे तालुके दुसऱ्या जिल्ह्यात गेले आहेत.

म्हणजे काही किलोमीटरच्या टापूत पगारदार, दुकानदार, शेतमजूर आणि हंगामी स्थलांतर करणारे असे चारही प्रकारचे पालक आहेत. कायदा सर्वांना सारखाच आहे. प्रत्येकाच्या वाट्याला येणारी निवड मात्र सारखी नाही.

पालक शाळा कशावरून ठरवतात?

‘इंग्रजीचे वेड’ असे म्हणून हा प्रश्न अनेकदा झटकून टाकला जातो. घरातली कारणे त्याहून साधी आणि जास्त ठोस असतात. मोठे भावंड ज्या शाळेत आहे तिथेच धाकटे गेले तर एकच रिक्षा पुरते आणि एकमेकांवर लक्ष राहते. मुलगी असेल तर रस्ता सुनसान आहे का आणि शाळा सुटल्यावर एसटी मिळते का, हे आधी पाहिले जाते. आई-वडील दोघेही कामावर जात असतील तर शाळेची वेळ महत्त्वाची ठरते. पोषण आहार मिळतो की डबा द्यावा लागतो, हाही हिशेब असतो. अपंग किंवा सतत आजारी मुलाच्या पालकांसाठी वर्गातील पटसंख्या आणि शिक्षकाचा स्वभाव निकालाच्या टक्क्यांपेक्षा मोठा असतो.

याच कारणांनी काही पालक मुद्दाम मराठी शाळा निवडतात. अभ्यास घेणारी आजी मराठी वाचू शकते, शिक्षक गावातले आहेत, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे, ही त्यांची कारणे असतात. याउलट पाड्यावरच्या घरात वारली किंवा कातकरी बोली बोलली जात असेल, तर त्या मुलासाठी पुस्तकातली मराठीसुद्धा जवळजवळ परकी असते. तेव्हा ‘मातृभाषेतली शाळा’ कोणती, हेही घरागणिक बदलते.

परिस्थिती बदलली की निवडही बदलते. ‘असर’ या देशव्यापी सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागातील ६ ते १४ वयोगटातील सरकारी शाळांत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होते. करोनानंतर २०२२ मध्ये ते ७२.९ टक्क्यांवर गेले आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आले. हातातला पैसा कमी झाला तेव्हा मुले सरकारी शाळेकडे वळली आणि स्थिती सावरल्यावर त्यातील बरीच परतली, असा याचा सरळ अर्थ लावता येतो.

कायद्याने किती निवड दिली आहे?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातील कलम १२(१)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या आहेत. या मुलांचे शिक्षण आठवीपर्यंत मोफत असते आणि त्याचा परतावा सरकार शाळेला देते. महाराष्ट्रात हा परतावा अनेक वर्षे प्रति विद्यार्थी १७ हजार ६७० रुपये राहिला आहे. तो वेळेवर मिळत नाही, ही संस्थाचालकांची जुनी तक्रार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. २०१४ मध्ये अल्पसंख्याक शाळांना कायद्यातून वगळण्यात आले.

त्याच वर्षी कर्नाटकातील माध्यमाच्या वादात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने आणखी एक महत्त्वाचा निकाल दिला. प्राथमिक शिक्षण कोणत्या माध्यमातून घ्यायचे हे निवडण्याचे स्वातंत्र्य मुलाच्या वतीने पालकांना आहे आणि सरकार मातृभाषेची सक्ती करू शकत नाही, असे त्यात स्पष्ट झाले. थोडक्यात, माध्यम निवडण्याचा हक्क सर्वांना आहे. ते माध्यम परवडण्याची सोय मात्र फक्त २५ टक्के जागांपुरती आहे.

२०२४ चा वाद काय होता?

राज्य सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिसूचना काढली. खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला २५ टक्क्यांच्या बंधनातून सूट मिळणार होती. जवळ सरकारी शाळा असताना खासगी शाळेला पैसे का द्यायचे, असा यामागचा युक्तिवाद होता. कर्नाटकने काही वर्षांपूर्वी असाच नियम केला होता.

परिणाम लगेच दिसला. राज्यात बहुतेक ठिकाणी एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे. त्यामुळे अर्जात पालकांसमोर प्रामुख्याने त्याच शाळा येऊ लागल्या, ज्यात अर्ज न करताही प्रवेश मिळतो. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी या नियमाला स्थगिती दिली, तोवर राज्यभरातून लाखभरही अर्ज आले नव्हते. जुन्या पद्धतीने प्रक्रिया पुन्हा सुरू झाल्यावर दोन लाखांहून अधिक अर्ज आले. १९ जुलै २०२४ रोजी उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती रद्द केली. मूळ कायद्यात नसलेली सूट राज्याला नियमांद्वारे देता येत नाही, हा निकालाचा गाभा होता. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला.

अर्जांच्या संख्येतील हा फरक बोलका आहे. पालकांना फक्त मोफत शाळा हवी असती तर ती गावातच होती. त्यांना हवी होती ती निवडीची संधी.

मग गणेशपुरीच्या पालकांची अडचण कोणती?

पहिली अडचण अंतराची. प्रवेश देताना घरापासून एक किलोमीटरच्या आतील मुलांना प्राधान्य आणि त्यानंतर तीन किलोमीटरपर्यंतच्या मुलांचा विचार, अशी रचना राहिली आहे. दाट वस्तीच्या शहरात तीन किलोमीटरमध्ये अनेक शाळा येतात. पाड्यावरून मोजले तर त्याच अंतरात एखादी खासगी शाळा येईलच असे नाही. सोडत लागलीच, तरी रिक्षा किंवा बसचा खर्च मोफत शिक्षणात धरलेला नाही. फी माफ झाली, पण रोजच्या प्रवासाचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न मोलमजुरी करणाऱ्या घराला पडतो.

दुसरी अडचण कागदांची. जन्मदाखला, रहिवासाचा पुरावा, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला हे सर्व अर्जाच्या मुदतीत हाती लागते. अर्ज ऑनलाइन असतो आणि घराचे ठिकाण नकाशावर अचूक दाखवावे लागते. खूण चुकली तर पडताळणीत प्रवेश नाकारला जाऊ शकतो. ज्याच्याकडे रेंज असलेला मोबाइल आणि समजावून सांगणारे कोणी आहे, तोच पुढे जातो.

तिसरी अडचण आठवीनंतरची. नववीत गेल्यावर पूर्ण फी सुरू होते. त्या वयात माध्यम किंवा शाळा बदलणे सोपे नसते. याचा विचार पहिलीच्या अर्जाच्या वेळी फार थोड्या घरांत होतो.

आदिवासी कुटुंबांसाठी आणखी दोन वाटा आहेत. एक निवासी आश्रमशाळेची आणि दुसरी आदिवासी विकास विभागाच्या ‘नामांकित’ इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांतील प्रवेशाची. दुसऱ्या योजनेत फी आणि राहण्याचा खर्च सरकार करते. पण दोन्ही वाटांची किंमत एकच असते. सहा-सात वर्षांचे मूल घरापासून दूर ठेवावे लागते. अनेक आया याच ठिकाणी अडतात आणि त्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

स्थलांतर करणाऱ्यांचे काय?

दसरा-दिवाळीनंतर या पट्ट्यातील अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे शाळेचे अर्धे वर्ष घर गावात नसते. या मुलांसाठी ‘कोणती शाळा’ यापेक्षा ‘शाळा कुठे’ हा प्रश्न आधी येतो. गणेशपुरीजवळच्या वसई तालुक्यातील उसगावात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या ‘विधायक संसद’चे काम उभे राहिले. या संस्थेने १९९० च्या दशकात भट्ट्यांवरच वर्ग भरवले. भट्टीवरील कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात, म्हणून त्या ‘भोंगा शाळा’ झाल्या. पुढे सरकारनेही शिक्षण हमी पत्रकाची सोय केली. ते दाखवून मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत बसू शकते. मात्र पत्रक हातात आहे आणि भट्टीजवळ शाळा नाही, असे झाले तर त्याचा उपयोग उरत नाही.

निवड दिल्याने शिक्षण सुधारते का?

याचे उत्तर सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे नाही. आंध्र प्रदेशात २००८ पासून चार वर्षे एक मोठा प्रयोग झाला. सोडत काढून सरकारी शाळेतील काही मुलांना खासगी शाळेत शिकण्यासाठी व्हाउचर देण्यात आले. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी त्याचा अभ्यास केला. तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत फरक पडला नाही, हिंदीत व्हाउचर मिळालेली मुले पुढे गेली. खासगी शाळांचा प्रति विद्यार्थी खर्च मात्र सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहून कमी होता. खासगी म्हणजे आपोआप चांगली, हा समज त्यातून खोटा ठरतो. त्याच वेळी सरकारी पैशाचा हिशेबही विचारावा लागतो.

चिलीने १९८१ मध्ये देशभर व्हाउचर आणले. शाळांनी हुशार आणि सुस्थितीतील मुले वेचून घेतल्याने समाजातील दरी शाळांत उतरली. अखेर २०१५ मध्ये कायदा करून शाळांनी मुले निवडण्यावर बंदी घालावी लागली. निवड पालकांनी करायची की शाळेने, हा भेद तिथून शिकण्यासारखा आहे. आपल्याकडील सोडतीत शाळेला मुले वेचता येत नाहीत, ही या पद्धतीची जमेची बाजू आहे.

जिल्हा परिषद शाळांचे काय होणार?

विरोधकांचा हा आक्षेप वजनदार आहे. शिक्षकांची पदे पटसंख्येवर ठरतात. बोलणारे, विचारणारे पालक मुलांना घेऊन निघून गेले की पट घटतो, शिक्षक कमी होतो आणि उरलेल्या मुलांची शाळा आणखी दुबळी होते. राज्यात २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळा होत्या. त्याच वर्षी त्यांच्या जागी ‘समूह शाळा’ करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा विरोध झाला तो याच भीतीतून. पाड्यावरची शाळा बंद झाली तर तिथल्या मुलाची निवड एकावरून शून्यावर येते.

म्हणून पालकाला निवड हवी आणि गावातली शाळाही चांगली हवी, या दोन मागण्या परस्परविरोधी नाहीत. जवळची शाळा चांगली असते, तेव्हा तिथे राहणे हीसुद्धा निवड ठरते. ती वाईट असेल तर तिथे राहणे ही केवळ नाइलाजाची बाब उरते.

पुढे काय?

छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद करावी लागली होती. शंभर वर्षांनी पाड्यावरचा पालक स्वतःहून ‘कोणती शाळा?’ असे विचारतो आहे. हा बदल लहान नाही. २५ टक्क्यांच्या हक्कासोबत प्रवासखर्च, नववी-दहावीची सोय, वेळेवर परतावा आणि गावपातळीवर अर्ज भरण्याची मदत मिळाली, तर त्या प्रश्नाला अर्थ राहील. नाहीतर भिवंडी शहरातल्या मुलाला दहा पर्याय आणि तानसाकाठच्या मुलाला एक, अशी वाटणी कायद्याच्या नावाखाली चालूच राहील.