तबकडीवरचा ओरखडा कोणाचा?

घरांत एखादी वस्तु बिघडली म्हणजे ती कशानें बिघडली हा प्रश्न मागें राहतो, आणि ती कोणीं बिघडविली हा प्रश्न आधीं पुढें येतो. एकत्र कुटुंबांत तर या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर बहुधा ठरलेलेंच असतें. जो वयानें सर्वांत लहान, किंवा जो सुटीपुरता पाहुणा म्हणून आलेला, त्याच्या माथीं दोष सहज बसतो. व्हिडिओ गेमचें यंत्र हें अशा वस्तूंपैकीं एक ठळक उदाहरण होय. तबकडी आंत घातली, यंत्र घरघरलें, आणि पडद्यावर ‘डिस्क रीड एरर’ अशीं अक्षरें उमटलीं, कीं मुलांत भांडण, वडील मंडळींत त्रागा आणि शेवटीं कोणाच्या तरी पाठीवर धपाटा, हा क्रम पुष्कळ घरीं घडतो. म्हणून या महिन्यांत तबकडी वाचली कशी जाते, ती वाचली जात नाहीं याचीं कारणें कोणतीं, आणि तो बिघाड टाळावा कसा, याचा विचार करण्याचें योजिलें आहे. विषय केवळ पोरांच्या करमणुकीचा आहे असें समजून वडील मंडळींनीं हें पान उलटूं नये. कारण बिघाडाचें खरें कारण ज्याला ओळखतां येतें, त्यालाच घरांत न्याय करतां येतो.

प्रथम तबकडीची रचना पाहूं. फिलिप्स व सोनी या कंपन्यांची ध्वनिमुद्रणाची सीडी १९८२ सालीं बाजारांत आली. तिचा व्यास १२० मिलिमीटर व जाडी १.२ मिलिमीटर. पुढें १९९६ सालीं डीव्हीडी आणि २००६ सालीं ब्लू-रे आली, तरी आकार तोच राहिला. जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर खांच असे व तींतून सुई घासत जाई. या तबकडींत आंतून बाहेर जाणारी सर्पिल वाट असते व त्या वाटेवर अतिसूक्ष्म खळगे असतात. लेसरचा किरण तिच्यावर पडून परत येतो, आणि परतलेल्या प्रकाशाच्या कमीअधिकपणावरून यंत्र मजकूर वाचतें. ७४ मिनिटांच्या सीडीवरील ही वाट उलगडून सरळ केली तर ती ५ किलोमीटरांहून अधिक लांब भरेल. पण शेजारच्या दोन फेऱ्यांतील अंतर मात्र अवघें १.६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपटीहून किंचित् अधिक. डीव्हीडींत हें अंतर ०.७४ आणि ब्लू-रेंत ०.३२ मायक्रॉन असतें. इतक्या अरुंद वाटेवर किरण नेमका ठेवण्याचें काम एक इवलेंसें भिंग करतें. तारेच्या बारीक वेटोळ्यांच्या साह्यानें तें क्षणोक्षणीं वरखालीं व आजूबाजूस हलतें. फिरत्या तबकडीच्या तें अगदीं जवळ असतें, पण तिला शिवत नाहीं.

मजकूर चकचकीत पाठीवर कोरलेला असतो, असा पुष्कळांचा समज आहे. साध्या सीडींत तो खरोखर चित्र छापलेल्या बाजूच्या लगत, रोगणाच्या पातळ लेपाखालीं असतो. चकचकीत बाजूवरचा उथळ ओरखडा प्रसंगीं निभावून जातो. पण छापील बाजूवर बॉलपेननें दाबून लिहिलें किंवा चिकटविलेला कागद खरवडून काढला, तर त्याबरोबर मजकूरच निघून जातो. डीव्हीडींत ०.६ मिलिमीटरचीं दोन पातीं जोडून मजकूर मधोमध सुरक्षित ठेवलेला असतो. ब्लू-रेंत तो चकचकीत बाजूपासून केवळ ०.१ मिलिमीटर आंत असतो व त्यावर कठीण लेप दिलेला असतो. प्लेस्टेशन २ (सन २०००) हें यंत्र सीडी व डीव्हीडी वाचतें. प्लेस्टेशन ३ (सन २००६) पासून ब्लू-रे आली. आपल्या घरची तबकडी कोणत्या जातीची, हें उपायापूर्वीं पाहून घ्यावें.

आतां ओरखड्याचें शास्त्र. वेदपाठाच्या परंपरेंत पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रीति आहेत. तींच पदें निरनिराळ्या क्रमानें उलटसुलट म्हटल्यामुळें एखाद्या ठिकाणीं चूक झाली तरी ती लगेच उघडी पडते. तबकडीवरची योजना हुबेहूब तशी नाहीं, परंतु हेतु तोच आहे. १९६० सालीं रीड व सॉलोमन या दोन गणितज्ञांनीं मांडलेल्या रीतीनें मूळ मजकुरास हिशेबानें काढलेलीं जादा अक्षरें जोडतात, आणि मग तीं सर्व लांब लांब विखरून लिहितात. त्यामुळें एका ठिकाणचा मजकूर वाचतां आला नाहीं, तरी इतरत्रच्या अक्षरांवरून यंत्र तो पुन्हां जुळवितें. सीडीच्या वाटेवर सलग सुमारें अडीच मिलिमीटरांपर्यंतची तूट अशी भरून निघते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. मध्यापासून कडेकडे गेलेला ओरखडा प्रत्येक फेरीला फक्त एकेका बिंदूंत कापतो. ती तूट भरून निघते. परंतु वाटेच्या दिशेनें, म्हणजे वर्तुळाकार, गेलेला ओरखडा एकाच फेरीचा लांबलचक मजकूर झांकून टाकतो, व तेथें सारा हिशेब थकतो. म्हणून तबकडी नेहमीं मध्याकडून कडेकडे सरळ पुसावी, गोल कधींहि पुसूं नये.

हेंच ज्ञान न्यायाच्या कामीं कसें येतें तें पाहा. आमच्या पिंपरी पेंढार येथें एका घरीं मुंबईस नोकरीला असलेल्या काकांनीं मुलांना असें एक यंत्र दिलें होतें. उन्हाळ्याच्या सुटींत नऊ वर्षांचा भाचा आला आणि चार दिवसांत मुलांची आवडती तबकडी चालेनाशी झाली. दोष अर्थात् भाच्याकडे गेला. पोर रडून रडून “मी नाहीं केलें” एवढेंच म्हणत होतें. थोरले मामा संतापलेले होते. आजोबांनीं मला बोलावून तबकडी हातीं दिली व म्हणाले, “गुरुजी, तुम्हीच पाहा.” उजेडांत धरली तों तिच्यावर कंपासनें काढावें तसें एक पूर्ण वर्तुळ दिसलें. पोरांच्या हातचे ओरखडे वेडेवांकडे असतात. मध्याशीं इतकें नेमकें जुळणारें वर्तुळ कोणाच्याहि हातून निघत नाहीं. तें फिरत्या तबकडीला यंत्राच्या आंतला भाग घासल्यानेंच उमटतें, आणि असें घासणें यंत्र चालू असतां तें हलविलें, तिरपें केलें किंवा उभ्याचें आडवें केलें म्हणजे घडतें. म्हणून मीं एवढेंच विचारलें, “खेळ चालू असतांना यंत्र कोणीं उचललें होतें काय?” मामा क्षणभर गप्प राहिले व म्हणाले, “टीव्हीच्या मागची वायर लावण्यासाठीं मींच उचललें होतें, गुरुजी.” मग त्यांनीं भाच्याला जवळ घेतलें. तबकडी गेली ती गेलीच. पण तें पोर पुढच्या सुटींत मामाच्या घरीं आनंदानें आलें, याचें मोल तबकडीहून अधिक आहे.

तेव्हां पहिला नियम हा, कीं तबकडी फिरत असतां यंत्रास हात लावूं नये. तें भक्कम, सपाट जागीं ठेवावें, आणि हलवावयाचें झाल्यास आधीं तबकडी बाहेर काढावी.

दुसरें कारण धूळ व धूर. आमचा गांव कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर असल्यामुळें वाहनांची धूळ बारा महिने घरांत येते, व कांद्याच्या दिवसांत पातीचा चुरा उडतो तो निराळाच. पण घरांत आपण स्वतः निर्माण केलेलें प्रदूषणहि कमी नसतें. देवघराशेजारीं यंत्र ठेवल्यास उदबत्तीचा व धुपाचा धूर, स्वयंपाकघराच्या दाराशीं ठेवल्यास फोडणीची वाफ, भिंगावर चिकट पापुद्रा धरते आणि त्यावर धूळ बसते. रांगोळीची भुकटी दगडाची असते. तोच हात न धुतां तबकडीला लावला तर ती कानशीसारखें काम करते. यंत्रावर क्रोशाचें सुंदर आच्छादन घालून खेळ चालू ठेवण्याची कांहीं घरीं चाल आहे; त्यानें हवेचीं छिद्रें बुजून आंतील उष्णता वाढते. आच्छादन यंत्र बंद करून निवाल्यावरच घालावें. पावसाळ्यांत थंड जागेंतून दमट खोलींत यंत्र आणलें तर भिंगावर दंव धरतें. अशा वेळीं तबकडी न घालतां तास-दोन तास तें तसेंच राहूं द्यावें.

तोंडानें फुंकर मारण्याची संवय मात्र मोडली पाहिजे. आजच्या बापांनीं लहानपणीं कॅसेटच्या गेममध्यें फुंकर मारली, ती संवय मुलांकडे आली. फुंकरीबरोबर थुंकीचे कण भिंगावर बसतात. छायाचित्रकार वापरतात तसला रबरी फुगा दाबून हवा द्यावी.

तबकडी पुसण्याची रीत अशी. हात धुऊन कोरडे करावे. तबकडी कडांनीं व मधल्या छिद्रांत बोट घालून धरावी. पदर, धोतराचा सोगा, टॉवेल यांत धूळ अडकलेली असते; त्यांऐवजीं चष्मा पुसण्याचें स्वच्छ, मऊ कापड घ्यावें. डाग चिकट असेल तर साध्या पाण्यांत सौम्य साबणाचा एक थेंब घालून धुवावी व सांवलींत वाळवावी. रॉकेल, पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढण्याचें द्रव्य यांपैकीं कांहींहि लावूं नये. त्यानें प्लॅस्टिक धुरकट होतें. टूथपेस्ट चोळण्याचा उपाय सर्वत्र सांगतात. ती सौम्य पॉलिशच असल्यामुळें सीडी-डीव्हीडीच्या उथळ ओरखड्यावर तिचा कधीं कधीं उपयोग होतो, परंतु ब्लू-रेला ती कदापि लावूं नये, कारण तिच्यावरचा लेप घासला गेल्यास मजकूर फार दूर नसतो. काम झालें कीं तबकडी डबींत गेलीच पाहिजे. चटईवर किंवा एकावर एक रचून ठेवणें म्हणजे ओरखड्यांस आमंत्रण होय.

इतकें करूनहि यंत्र वाचीना, तर दोष तबकडीचा कीं भिंगाचा हें ठरवावें. एकच तबकडी चालत नसेल व बाकीच्या चालत असतील, तर तबकडी दोषी. एकहि चालत नसेल, तर भिंग मळलेलें आहे किंवा लेसर क्षीण झाला आहे. प्लेस्टेशन २ मध्यें निळसर पाठीच्या तबकड्या सीडीच्या व रुपेरी डीव्हीडीच्या असतात, आणि दोहोंसाठीं लेसर निरनिराळा लागतो; म्हणून एकच जात चालत नसेल तर त्या लेसरकडे संशय जातो. घरीं नक्कल केलेल्या तबकड्या मूळ तबकड्यांहून कमी प्रकाश परत पाठवितात व उन्हानें त्यांतील रंगद्रव्य खराब होतें. अशी नक्कल विकणें कायद्याच्या विरुद्ध तर आहेच, शिवाय तिच्यावरून यंत्राची परीक्षा करणेंहि चुकीचें.

येथें वडील मंडळींस एक कडक सूचना. यंत्र उघडण्याचें धाडस मुलांना करूं देऊं नये. ज्या यंत्रांत वीजपुरवठ्याचा भाग आंतच असतो, तेथें प्लग काढल्यावरहि कांहीं काळ धक्का बसण्याइतकी वीज राहते. शिवाय सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांस जवळजवळ न दिसणारा असतो. चालू यंत्रांत डोकावणाऱ्या मुलाला आपल्या डोळ्यांत काय शिरत आहे हें कळतहि नाहीं. पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड येथें जाणता कारागीर मिळतो, त्याच्याकडे न्यावें.

एका खेळण्यासाठीं एवढा खटाटोप कशाला, असें कोणी म्हणेल. प्लेस्टेशन २ चीं साडेपंधरा कोटींहून अधिक यंत्रें जगांत खपलीं, पण त्याचें उत्पादन २०१३ च्या आरंभापर्यंत थांबलें. याच यंत्रासाठीं २००९ सालीं हैदराबादच्या गेमशास्त्रनें ‘देसी अड्डा’ या नांवानें विटीदांडू, कबड्डी, पतंग हे आपले खेळ आणले. अशी तबकडी खराब झाली तर दुकानांत नवी मिळावयाची नाहीं. जुन्या पोथ्यांचे लेखक शेवटीं तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून पोथी जपावी अशी विनवणी वाचकास करीत. तीच काळजी या पोथीलाहि हवी, इतकेंच.

शेवटीं एक सुचवावेंसें वाटतें. तबकड्या पुसून डबींत ठेवण्याचें काम घरांतील सर्वांत लहान मुलाकडे द्यावें व तें कसें करावयाचें हें एकदां शेजारीं बसून दाखवावें. ज्याच्यावर दोष पहिल्यानें येतो, त्याच्याच हातीं किल्ली राहिली, तर पुढच्या खेपेस ओरखडा दिसल्यावर तो स्वतःच तबकडी उजेडांत धरून सांगेल, कीं हें वर्तुळ आहे, कीं हा हातचा ओरखडा आहे.