चोरवाट आणि राजमार्ग
क्रिकेटचा सामना पाहण्यासाठी सातपूरच्या कामगाराने दरमहा किती शुल्क मोजावे? ते परवडेना, की मोबाईलवरील चोरवाट खुणावते. ही चोरी समर्थनीय नव्हे; प्रक्षेपणहक्कांच्या पैशावरच आज खेळ पोसला जातो. परंतु आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच बजावले होते. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे बंधनकारक केले. मात्र २०१७ च्या निकालाने तो लाभ दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यापुरता उरला. नाशिकमधील केबलधारक त्यास मुकला. आयपीएल तर त्या सूचीतच नाही. केवळ पोलिसी बडग्याने चोरवाट बुजणार नाही. त्यासाठी राजमार्गावरील जकात कमी करावी लागेल.